राम आंबा खात आला आहे

स्वयंपाकघरातला नळ सोमवारी सकाळी गळायला लागला आणि त्याच संध्याकाळी माझी भाची कराडहून एक सुटकेस, दोन जाडजूड पुस्तकं आणि आयेल्ट्सच्या परीक्षेची तारीख घेऊन आमच्याकडे राहायला आली. नळासाठी मी प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, “निघालोय.” भाचीसाठी कोणाला फोन करावा ते मात्र सुचेना. चहाचा कप खाली ठेवता ठेवता तिने विचारलं होतं, “मामा, प्रेझेंट परफेक्ट आणि प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस यांत फरक काय रे?” आणि आमची ही आतून म्हणाली होती, “विचार, विचार. बँकेत सगळ्यांचे इंग्रजी अर्ज मामाच लिहून द्यायचा.”

‘द्यायचा’ हा रीती भूतकाळ. त्या काळाबद्दल काहीही विचारा, पाठ आहे. अडचण परफेक्टची आहे.

आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पुढे 2000 साली सरकारने ते पहिलीपासून सुरू केलं, त्यामुळे आता मुलांचा गोंधळ चार वर्षं आधी सुरू होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत सर क्रियापदांची तिन्ही रूपं पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचे. गो-वेंट-गॉन. ईट-एट-ईटन. पुट-पुट-पुट आलं की वर्गाला उकळी फुटायची, कारण सरांची लुना नेमकी तशीच सुरू व्हायची. पहिलं रूप रोजच्या कामाचं, दुसरं काल झालेल्या कामाचं, हे समजत होतं. तिसरं रूप कशाला पाठ करायचं ते कोणी सांगत नव्हतं. पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून माळ्यावर ठेवलेल्या वस्तूंसारखी ती रूपं आमच्या डोक्यात पडून होती.

आठवीत ती खाली काढली. सरांनी फळ्यावर लिहिलं: जी क्रिया भूतकाळात सुरू झाली आणि अजूनही चालू आहे, ती चालू पूर्ण वर्तमानकाळात सांगतात. आता ज्या काळाच्या नावातच ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेत, त्याच्याकडून सरळपणाची अपेक्षा करणं चूकच. पण आम्ही वह्यांत उतरवून घेतलं. मग सरांनी गाइडातून उदाहरण दिलं. इंग्रजी वाक्य ‘राम हॅज बीन ईटिंग अ मँगो’, आणि त्याखाली मराठी भाषांतर: ‘राम आंबा खात आला आहे.’

सगळ्या वर्गाच्या डोळ्यांपुढे राम आला. चावडीच्या बाजूने, हाफ पँटीत, कोपरापर्यंत रस ओघळतोय, आणि आंबा खात खात तो आलेला आहे. मागच्या बाकावरून एकाने अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं, “सर, कुठून?”

“कुठूनही नाही. खाली बस.”

पुढचं वाक्य होतं, ‘सीता गाणे गात आली आहे.’ तीही आली. मग मुले खेळत आली, शेतकरी नांगरत आला. तासाच्या शेवटी वर्गात इतकी माणसं येऊन थांबली होती की आम्हाला बसायला जागा उरली नव्हती.

त्या गाइडाला मी पुष्कळ वर्षं हसलो. आता वाटतं, बिचाऱ्याचं व्याकरण चुकलं नव्हतं, मापात गडबड झाली होती. ‘करत आलो आहे’ हे चोख मराठी आहे. पण ते असं तसं वापरायचं नसतं. “आमच्याकडे पूर्वीपासून गणपती दीड दिवसाचाच बसवत आलेत.” “कामगार संघटना ही मागणी सातत्याने करत आली आहे.” “मी पहिल्यापासून सांगत आलोय, त्या माणसाला पैसे देऊ नका.” या क्रियापदाला वर्षं लागतात, घराणं लागतं, निदान एखादी मुरलेली तक्रार तरी लागते. शेला-पागोटं घालून बसणारा हा काळ, आणि गाइडवाल्याने त्याला एका आंब्यासाठी उठवून आणला. रामाचं काय चाललंय ते आपल्याला चालू वर्तमानात सांगता येतं: राम सकाळपासून आंबा खातोय. ‘सकाळपासून’ म्हटलं की झालं, क्रियापदाला वेगळी तोशीस नाही. आणि हेच आपण जसंच्या तसं उचलून इंग्रजीत नेतो. राम इज ईटिंग मँगो सिन्स मॉर्निंग.

भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे मी चुकत नाही, भाषांतर करते.”

“अगदी.”

“त्याचे मार्क मिळतात का?”

मंगळवारी सकाळी प्लंबरला पुन्हा फोन केला. “निघालोय साहेब.” व्याकरणाच्या पुस्तकात पूर्ण वर्तमानाची व्याख्या अशी असते, की क्रिया नुकतीच पूर्ण झाली आहे आणि तिचा परिणाम आत्ता जाणवतो आहे. ‘निघालोय’मध्ये क्रिया झालेली नव्हती आणि परिणाम जाणवत होता तो फक्त नळाखाली ठेवलेल्या पातेल्यात. दुपारी तो म्हणाला, “आलोच.” हा तर शुद्ध भूतकाळ. यायच्या आधीच आलेला माणूस मराठीतच भेटतो. आणि जाताना आपण ‘येतो’ म्हणतो, कारण ‘जातो’ म्हणायचं नसतं. ज्यांच्याकडे ‘येतो’ म्हणजे गेला आणि ‘आलोच’ म्हणजे अजून घरीच आहे, त्या लोकांनी इंग्रजीचे काळ अवघड म्हणावेत ही मला जरा गंमतच वाटते.

ज्याच्या नावाने आपल्याकडे अजून पोरांना घाम फुटतो त्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातला रेन हाही एक गमतीचाच माणूस. पी. सी. रेन मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरीला होता. पुढे त्याने फ्रेंच फॉरेन लीजनच्या सैनिकांवर कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली 1924ची ‘बो जेस्ट’ तर जगभर गाजली, सिनेमेही निघाले. वाळवंट, किल्ले, पळून आलेले शिपाई. त्या कादंबऱ्या आज कोण वाचतं? आणि व्याकरणाचं पुस्तक अजून हातोहात खपतंय. मला नेहमी वाटतं, की ‘खालील वाक्यांतील चुका दुरुस्त करा’ हा भाग त्याने वाळवंटातल्या शिक्षा लिहायचा सराव म्हणून केला असावा.

माझी स्वतःची शिक्षा बँकेत झाली. नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. मला ताप आला आणि मी रजेचा अर्ज लिहिला: ‘आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज.’ भारतात रजेचा अर्ज याखेरीज दुसऱ्या वाक्याने सुरू होतो अशी कल्पनाही मला नव्हती. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कोट्यवधी माणसं याच वाक्याने आजारी पडलेली आहेत. पण आमचे शाखाधिकारी जुन्या वळणाचे. त्यांनी ‘अ‍ॅम’ आणि ‘सिन्स’ या दोन शब्दांभोवती लाल गोल काढून अर्ज शिपायाबरोबर घरी परत पाठवला. मी पांघरुणातून उठून लिहिलं, ‘आय हॅव सफर्ड.’ तोही आला परत, समासात शेरा: ‘म्हणजे बरे झालात का? मग या.’ तिसऱ्या अर्जात ‘हॅव बीन सफरिंग’ जमलं, पण ‘फॉर टू डेज’ लिहिलं तोवर ताप तिसऱ्या दिवसात गेला होता. साहेबांचा हिशेब पक्का, त्यांनी आकडा खोडला. चौथा अर्ज सर्वांगाने निर्दोष होता. तो घेऊन मी स्वतःच गेलो, कारण ताप उतरला होता. साहेबांनी अर्ज वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “आता हॅड बीन लागेल.”

भाची हसून हसून पुस्तकावर पडली. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर क्लासचा सराव-प्रश्न आला. बोलण्याच्या परीक्षेत असले प्रश्न येतात म्हणे: तुम्ही तुमच्या गावात किती वर्षं राहताय? ती ताठ बसली, घसा साफ केला आणि म्हणाली, “आय अ‍ॅम लिव्हिंग इन कराड सिन्स बर्थ.”

या वाक्यात ‘सिन्स’ अगदी बरोबर आहे. जन्म हा ठरलेला क्षण, तारीख-वार असलेला, म्हणून सिन्स. एकवीस वर्षं हा कालावधी, म्हणून फॉर. क्रियापद तेवढं चुकलं: हॅव बीन लिव्हिंग. पण सिन्स आणि फॉर ही वाटणी आपल्या डोक्यात बसत नाही त्याला कारण आहे. आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. सोमवारपासून नळ गळतोय, दोन दिवसांपासून नळ गळतोय. नळाला फरक पडत नाही, आपल्याला पडत नाही, फक्त इंग्रजाला पडतो. आणि यात आपण एकटे नाही बरं का. जर्मन माणूस ‘झाइट’ म्हणतो आणि फ्रेंच माणूस ‘दपुई’, दोघांचाही एकेकच शब्द दोन्ही कामं करतो आणि क्रियापद आपल्यासारखंच वर्तमानात. जर्मन तर काल भेटलेल्या माणसाबद्दलही खुशाल ‘हॅव सीन’च्या तोडीचं रूप वापरतो. “आय हॅव मेट हिम येस्टरडे” हे वाक्य फक्त आपल्या सदाशिव पेठेत नाही, बर्लिनमध्येही चुकतं. ‘येस्टरडे’ आला की परफेक्टने उठून जावं हा इंग्रजीचा सोवळेपणा. मराठीत “मी त्याला कालच पाहिलंय” म्हटलं तर कोणाला विटाळ होत नाही.

भाचीला बर्लिनची बातमी ऐकून बराच धीर आला. मग मी तिला जरा जुनी गोष्ट सांगितली. इंग्रजीत हे ‘हॅव’ आलं कुठून? जुन्या इंग्रजीत ‘मी मासा पकडलाय’ हे सांगण्याची रीत अशी होती, की माझ्यापाशी मासा आहे, पकडलेला. म्हणजे ‘हॅव’चा अर्थ खरोखरच बाळगणं, जवळ असणं. आणि गंमत म्हणजे त्यातला ‘पकडलेला’ हा शब्द माशाच्या लिंगवचनाप्रमाणे चालायचा. आपल्याकडे अजून हेच चालतं! मी मासा पकडलाय, मी मासळी पकडलीय, मी मासे पकडलेत. करणारा मी, पण क्रियापद माझ्याकडे बघतसुद्धा नाही, माशाकडे बघतं. कोकणात राहिलेल्या कोणालाही हे न शिकवता समजतं, जेवणाच्या पानावर तरी दुसरं काय होतं? इंग्रजांनी पुढे माशाला सोडलं आणि ‘हॅव’ तेवढं धरून ठेवलं. आता त्यांच्याकडे पाहिलेलं, खाल्लेलं, वाचलेलं, गमावलेलं सगळंच ‘हॅव’ असतं. ‘आय हॅव लॉस्ट माय अंब्रेला.’ छत्री गेली ती गेली, हरवणं तेवढं मालकीचं राहिलं.

“मामा, पण फरक,” भाची म्हणाली.

फरक मी तिला चकल्यांच्या डब्यावर शिकवला. डबा उघडला, आत फक्त चुरा आहे. मग विचारायचं, ‘हू हॅज ईटन माय चकलीज?’ काम फत्ते झालेलं आहे, शोध गुन्हेगाराचा आहे. आता डबा उघडला, चकल्या आहेत, पण कालच्यापेक्षा पातळी खाली गेलीय. मग विचारायचं, ‘हू हॅज बीन ईटिंग माय चकलीज?’ कोणीतरी येता-जाता हात मारतंय आणि अजूनही मारणार आहे. मराठीत आपण पहिल्याला “कोणी संपवल्या?” म्हणतो आणि दुसऱ्याला “कोण खातंय?” तिने एका झटक्यात ओळखलं आणि त्याच झटक्यात स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिच्या मामीनेही माझ्याकडे पाहिलं. उदाहरण घरातलं घ्यायला नको होतं.

मग साहित्यातलं घेतलं. ओळखीच्या माणसाने आपला कवितासंग्रह भेट दिलाय आणि महिन्याने तो लग्नात भेटतो. “वाचलं का?” ‘आय हॅव रेड युअर बुक’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार: कसं वाटलं? त्यापेक्षा ‘आय हॅव बीन रीडिंग युअर बुक’ हे फार सुरक्षित. वाचन चालू आहे, मत यायचंय, जिलेबी घ्या. पण या बाबतीत मराठीने इंग्रजीला पार मागे टाकलंय. आपण म्हणतो, “वाचायला घेतलंय.” पूर्ण वर्तमानकाळ आहे, क्रिया पूर्ण झालेली आहे. कोणती क्रिया? घेण्याची.

बुधवारी प्लंबर ‘रस्त्यातच’ होता. पातेल्याच्या जागी बादली आली. बातम्यांत मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला आणि भाचीने स्वतःहून वाक्य केलं: दे हॅव बीन वायडनिंग द रोड सिन्स 2011. काम तेव्हा सुरू झालं हे खरं, आणि कंटिन्युअससाठी इतकं भक्कम उदाहरण रेनलाही मिळालं नसतं. कोकणातले चाकरमानी गणपतीला जाताना दरवर्षी या वाक्याची प्रात्यक्षिकं देत आले आहेत. इथे ‘देत आले आहेत’ मी मुद्दाम वापरलंय. बघा, वर्षं लागली की कसं शोभतं.

एक मात्र मला इंग्रजीचं पटत नाही. त्यांच्या भाषाशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे: ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन.’ हे वाक्य कानाला खटकतं असं ते म्हणतात. का? तर आइन्स्टाइन 1955 साली वारला. मेलेल्या माणसाला परफेक्ट लावायचा नाही, त्याची वर्तमानातली खाती बंद. आमच्या बँकेतसुद्धा मृताचं खातं इतक्या तडकाफडकी बंद होत नसे, वारसदार उभे राहायचे. आणि आपण काय म्हणतो? “तुकोबांनी म्हटलंच आहे.” “माउलींनी सांगून ठेवलंय.” ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली आणि त्यांचं सांगणं अजून ‘ठेवलंय’. अगदी ताज्या बातमीसारखं. आपल्या आजीची सुद्धा हीच गोष्ट. माझी आजी जाऊन चाळीस वर्षं झाली, पण लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आमच्याकडे अजून कोणीतरी म्हणतंच, “आजीने सांगितलंय ना!”

अर्थात इंग्रजी बोलणारे तरी सगळे कुठे नियम पाळतात. अमेरिकन माणूस ‘आय जस्ट एट’ म्हणून मोकळा होतो, परफेक्टच्या वाटेला जात नाही. आणि आपल्या इंग्रजीची सगळ्यात मायेने टिंगल केली ती निस्सीम इझिकेल यांनी. मुंबईचे, बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरातले. मिस पुष्पाच्या निरोप समारंभावरची त्यांची कविता इंग्रजीच्या वर्गात हमखास शिकवतात. तिच्यातला वक्ता जिथे तिथे ‘इंग’ लावत सुटतो. ती वाचताना मी आधी हसलो आणि मग माझ्या लक्षात आलं, की हा माणूस आमच्या शाखेत कॅशला बसायचा.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. दारात पिशवी घेऊन प्लंबर उभा. तो आल्याची बातमी मी आत अशा आवाजात दिली, की शेजारचे बाहेर आले.

त्याने नळ पाहिला, डोकं वाकडं करून पुन्हा पाहिला आणि म्हणाला, “कधीपासून गळतोय?”

“सोमवारपासून,” मी म्हणालो.

“सिन्स,” भाची पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

“म्हणजे चार दिवस झाले.”

“फॉर.”

प्लंबरने आम्हा दोघांकडे पाहिलं. मग पान्ह्याने नळ उघडला, आत बोट घातलं आणि निकाल दिला: “वॉशर गेलाय.”

आता भाची उठून आली. कालच तिला ‘गॉन’ आणि ‘बीन’ समजावलं होतं. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू पुणे’ म्हणजे जाऊन आलाय. इंग्रजाला यासाठी क्रियापद बदलावं लागतं, आपल्याला नुसतं ‘जाऊन’ पुरतं. “वॉशर गेलाय म्हणजे गॉन,” ती म्हणाली. “परत येणार नाही.”

“नाही ना ताई,” प्लंबर म्हणाला. “नवाच घालावा लागतो. स्पिंडलपण गेलाय.”

वीस मिनिटं आतून ठोकाठोकीचा आवाज आला. टेफ्लॉन टेपची रिकामी रिळं, जुना वॉशर आणि ओला मातकट ठसा ओट्यावर ठेवून तो बाहेर आला. “झालंय,” म्हणाला. पैसे मोजून घेतले, पिशवी उचलली. “येतो,” म्हणाला आणि गेला.

भाचीने वही ओढली. “मामा, प्लंबर येऊन गेलाय. याला काय म्हणायचं? हॅज कम म्हटलं तर अजून इथेच आहे असं होतं. हॅज गॉन म्हटलं तर आला होता हे कळत नाही.”

“द प्लंबर हॅज बीन,” मी सांगितलं. “लंडनमध्ये असंच म्हणतात. येऊन गेला. एवढंच वाक्य, पुढे काही लागत नाही.”

तिने ते वहीत लिहिलं. मग पेन थांबवून कान टवकारले. मीही ऐकत होतो.

“आणि नळ?” तिने विचारलं.

मी मोबाइल उचलला. पलीकडून गाडीचा, रस्त्याचा आवाज, आणि त्यातून तो म्हणाला, “काय साहेब, आत्ताच तर येऊन गेलोय. बरं थांबा. निघालोय.”